फोन आडवा केला, काम कोठे गेले?



एक सोपा प्रयोग करून पाहा. घरातील एखादा अँड्रॉइड फोन घ्या. पडदा आपोआप फिरण्याची त्यातील सोय चालू करा आणि छायाचित्रे पाहण्याचे ॲप उघडा. फोन हातात उभा धरा आणि मग आडवा करा. चित्रही आडवे होते. आता तोच फोन टेबलावर पाठीवर सपाट ठेवा आणि तेथल्या तेथे पाव वळसा फिरवा. या वेळी चित्र फिरत नाही!

असे का बरे व्हावे? फोनमध्ये त्वरणमापक नावाचा एक इवलासा भाग असतो. फोन स्थिर धरला असता हा भाग गुरुत्वाचा परिणाम मोजतो. फोन उभा असेल तर ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग हे माप फोनच्या लांबीच्या दिशेने मिळते. फोन आडवा केला की तेच माप रुंदीच्या दिशेने मिळू लागते. या बदलावरून फोन कसा धरला आहे हे ओळखता येते. टेबलावर मात्र सारे माप फोनच्या जाडीच्या दिशेने असते आणि लांबी-रुंदीच्या दिशांना जवळजवळ शून्य मिळते. त्यामुळे फोन फिरवला तरी मापात फरक पडत नाही, आणि पडदा आहे तसा राहतो.

येथवरची गोष्ट भौतिकशास्त्राची झाली. पण पडदा फिरतो तेव्हा ॲपच्या पोटात मोठी उलथापालथ होते. ॲप लिहिणाऱ्याने तिकडे लक्ष दिले नाही, तर अर्धा भरलेला अर्ज कोरा होतो, एकच फाइल चार-चार वेळा उतरते, आणि प्रसंगी एकदाच पाठवायचे पैसे दोनदा जातात. हे कसे घडते आणि ते कसे टाळतात, हे आज आपण पाहू.

जुना पडदा मोडतो, नवा उभा राहतो

फोन आडवा केला की चित्र नुसते वळले असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात अँड्रॉइड ही प्रणाली सर्वसाधारणपणे जुना पडदा मोडून टाकते आणि त्याच्या जागी अगदी नवा बांधते.

अँड्रॉइडमध्ये ॲपचा एक पडदा सांभाळणाऱ्या घटकाला ‘ॲक्टिव्हिटी’ म्हणतात. फोन फिरताच जुन्या ॲक्टिव्हिटीला क्रमाने सूचना मिळतात: थांब, नजरेआड हो, नष्ट हो. त्यानंतर नव्या ॲक्टिव्हिटीला सूचना मिळतात: तयार हो, दिसू लाग, कामाला लाग. यांतील ‘नष्ट हो’ या सूचनेचे प्रोग्राममधील नाव ऑन-डिस्ट्रॉय आणि ‘तयार हो’ या सूचनेचे नाव ऑन-क्रिएट. हे सारे इतक्या झटपट उरकते की आपल्याला केवळ पडदा फिरल्याचा भास होतो.

मग एवढी मोडतोड कशासाठी? कारण असे. उभ्या पडद्यासाठी आणि आडव्या पडद्यासाठी ॲपची मांडणी वेगळी असू शकते. उभ्या पडद्यावर धड्यांची यादी एकाखाली एक दिसेल, तर आडव्या पडद्यावर डावीकडे यादी आणि उजवीकडे धडा असे दिसेल. कोणती मांडणी घ्यायची हे ॲक्टिव्हिटी तयार होताना ठरते. एकेक भाग बदलत बसण्यापेक्षा सगळेच नव्याने बांधले, तर जुन्या मांडणीचा एखादा तुकडा चुकून मागे राहण्याची भीती उरत नाही.

अशी नवी बांधणी फोन फिरवल्यावरच होते असे नाही. फोनची भाषा इंग्रजीवरून मराठी केली, अक्षरांचा आकार वाढवला, एका पडद्यावर दोन ॲप शेजारी शेजारी मांडली किंवा घडीचा फोन उघडला, तरीही ती होऊ शकते. २००८ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनला सरकता कळफलक होता. तो बाहेर ओढला की पडदा आडवा होई. म्हणजे ही अडचण अँड्रॉइडच्या जन्मापासूनची आहे.

मुख्य धागा आणि मागचा धागा

आता दुसरी बाजू पाहू. प्रोग्राममधील सूचना एकामागून एक पार पाडल्या जातात. अशा सूचनांच्या एका सलग ओळीला ‘थ्रेड’, म्हणजे धागा, म्हणतात. एकाच प्रोग्राममध्ये असे अनेक धागे एकाच वेळी चालू शकतात.

ॲप सुरू झाले की त्याला एक मुख्य धागा मिळतो. पडदा रंगवणे आणि बोटाचा स्पर्श ओळखणे ही कामे त्याची. पुष्कळ फोनांचा पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवला जातो. म्हणजे एका वेळेला १००० भागिले ६०, सुमारे १६.७ मिलिसेकंद एवढाच अवधी मिळतो. मुख्य धागा एखाद्या लांबलचक कामात अडकला तर पडदा गोठतो. स्पर्श करूनही ॲपने ५ सेकंदांत दाद दिली नाही, तर ‘ॲप प्रतिसाद देत नाही’ अशी पाटी अँड्रॉइड दाखवू शकते.

म्हणून फाइल उतरवणे, मोठे चित्र लहान करणे, दूरच्या संगणकाकडून निकाल मागवणे अशी वेळखाऊ कामे मागच्या धाग्याकडे सोपवतात. एक नियम मात्र पक्का आहे. पडद्यावरील वस्तूंना हात लावण्याचा अधिकार मुख्य धाग्यालाच असतो. मागच्या धाग्याने आपले काम संपवून फळ मुख्य धाग्याच्या हाती द्यायचे, आणि मुख्य धाग्याने ते पडद्यावर मांडायचे.

आता प्रश्न असा, की मागचा धागा काम करीत असतानाच पडदा मोडला गेला तर?

वर्ग हलला आणि नकाशा आला

हे समजण्यासाठी एक शाळा डोळ्यांसमोर आणा. खोली क्रमांक ७ मध्ये नववीचा भूगोलाचा तास चालू आहे. बाईंनी एका मुलाला नकाशा आणायला पाठवले आणि बजावले, “सात नंबरच्या खोलीतच आणून दे.” खोलीची किल्लीही त्याच्या खिशात दिली. मुलगा गेला. तेवढ्यात हेडसरांचा निरोप आला आणि वर्ग खोली क्रमांक ८ मध्ये हलवण्यात आला. तेथे फळा कोरा आहे. एवढेच काय, तास घ्यायला बाईही नव्या आल्या आहेत! आधी काय शिकवून झाले, कोणाला कशासाठी पाठवले, याची त्यांना काहीच कल्पना नाही. त्यांनी तास पहिल्यापासून सुरू केला. नकाशा दिसेना, म्हणून त्यांनीही एका मुलाला नकाशा आणायला धाडले.

येथे खोली आणि बाई म्हणजे ॲक्टिव्हिटी, आणि नकाशा आणणारा मुलगा म्हणजे मागचा धागा. पडदा मोडला म्हणून मागचा धागा आपोआप थांबत नाही. बाहेर गेलेल्या मुलाला वर्ग हलल्याचे कळतच नाही. यातून चार घोटाळे होतात.

पहिला घोटाळा: मुलगा नकाशा घेऊन रिकाम्या खोलीत येतो. काम पूर्ण झालेले असते, पण त्याचे फळ जुन्या पडद्याकडे जाते आणि नव्या पडद्यावर काहीच उमटत नाही.

दुसरा घोटाळा: तेच काम पुन्हा सुरू होते. समजा, एका धड्याची चित्रफीत १२ मेगाबाइटची आहे आणि पडदा उघडताच ती उतरवण्यास सुरुवात होते. ती उतरत असताना तुम्ही फोन ३ वेळा फिरवला, तर एकूण ४ धागे तीच चित्रफीत उतरवू लागतात. १२ मेगाबाइटच्या जागी ४८ मेगाबाइट डेटा खर्च होतो.

तिसरा घोटाळा: जागा अडून राहते. शाळेतील शिपाईमामांचा नियम आहे, की ज्या खोलीची किल्ली कोणाकडे तरी आहे ती खोली झाडून दुसऱ्यांना द्यायची नाही. फोनच्या स्मृतीतही असाच एक सफाई करणारा प्रोग्राम असतो. ज्या वस्तूकडे चालू असलेला एकही धागा पोहोचू शकत नाही, तीच वस्तू तो काढून टाकतो. मागच्या धाग्याने जुन्या ॲक्टिव्हिटीचा पत्ता धरून ठेवला असेल, तर ती मोडीत निघूनही जागा सोडत नाही.

ही जागा किती असेल? १०८० गुणिले २४०० बिंदूंच्या पडद्यावर २५,९२,००० बिंदू असतात. एका बिंदूच्या रंगासाठी ४ बाइट धरले, तर पडदाभर चित्राला १,०३,६८,००० बाइट, म्हणजे सुमारे १० मेगाबाइट लागतात. असे चित्र बाळगणारा पडदा ५ वेळा मोडला आणि पाचही जुने पडदे धाग्यांनी धरून ठेवले, तर ५० मेगाबाइटहून अधिक जागा वाया जाते. धाग्याचे काम संपले की त्याची पकड सुटते. पण दर काही सेकंदांनी क्रिकेटचा धावफलक विचारणारा, कधीच न संपणारा धागा असेल तर ती सुटतच नाही. स्मृती पुरी पडेनाशी झाली की ॲप बंद पडते.

चौथा घोटाळा: ॲप तडकाफडकी कोसळते. ‘थोडे थांबा’ अशी पाटी जुन्या पडद्यावर लावलेली असते. काम संपल्यावर ती काढायला जावे, तर ज्या पडद्यावर ती होती तो पडदाच नाही. नसलेली पाटी काढण्याच्या प्रयत्नात प्रोग्राम चुकतो आणि ॲप बंद होते.

आता पैशांचे उदाहरण घ्या. शुल्क भरण्यासाठी तुम्ही ‘पाठवा’ हे बटण दाबले. मागचा धागा पैसे पाठवीत असतानाच फोन आडवा झाला. नवा पडदा उभा राहिला, त्यावर ‘पाठवा’ हे बटण पुन्हा नव्यासारखे दिसू लागले. पैसे गेलेच नाहीत असे समजून तुम्ही ते दुसऱ्यांदा दाबले, तर नुकसान कोणाचे? उत्तर सांगायला नकोच.

दोन अपुरे उपाय

पहिला उपाय सहज सुचणारा आहे: पडदा फिरूच द्यायचा नाही. ॲप उभ्या दिशेला जखडून ठेवता येते. पण भाषा बदलली किंवा अक्षरे मोठी केली, तर नवी बांधणी होतेच. शिवाय २०२५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १६ साठी बांधलेली ॲप टॅबलेटसारख्या मोठ्या पडद्यावर चालू असतील, तर अशी जखड प्रणाली सहसा मानीत नाही.

दुसरा उपाय म्हणजे ‘हा बदल माझा मी सांभाळीन’ असे ॲपने आधीच जाहीर करणे. मग अँड्रॉइड पडदा मोडत नाही. चित्रफीत दाखवणाऱ्या ॲपसाठी किंवा खेळासाठी हे कधी कधी योग्य ठरते. परंतु नवी मांडणी बसवण्याची सारी जबाबदारी आता ॲप लिहिणाऱ्यावर येते. जो बदल जाहीर करायचा राहून गेला, तो आला की जुने दुखणे पुन्हा डोके वर काढते.

खरा उपाय: काम कार्यालयाकडे

पुन्हा त्या शाळेत जाऊ. बाईंनी मुलाला “सात नंबरच्या खोलीत आणून दे” असे सांगण्याऐवजी “नकाशा कार्यालयात आणून ठेव” असे सांगितले असते तर? वर्ग कोणत्याही खोलीत असो, तेथील बाई कार्यालयात चौकशी करतील. नकाशा आला असेल तर घेतील. आला नसेल, पण मुलगा गेला आहे असे कळले, तर दुसऱ्याला न पाठवता वाट पाहतील. खोलीची किल्ली मुलाजवळ देण्याचेही कारण उरत नाही.

यातच सारे मर्म आहे. काम जितका वेळ टिकायला हवे, तितका वेळ टिकणाऱ्याकडेच ते सोपवावे. पडद्याचे आयुष्य लहान, म्हणून पडद्याने कामाचा मालक होऊ नये.

ही गोष्ट अँड्रॉइडच्या जगात हळूहळू रुजली. जुन्या ॲक्टिव्हिटीने जाता जाता एक वस्तू नव्या ॲक्टिव्हिटीच्या हाती द्यावी, अशी सोय २००८ पासूनच होती. २००९ मध्ये ‘असिंक-टास्क’ नावाची सोय आली. मागच्या धाग्यावर काम करून फळ मुख्य धाग्याला देणे तिच्यामुळे सोपे झाले आणि ती फार लोकप्रिय झाली. पण बहुतेक जण ती ॲक्टिव्हिटीच्या पोटातच लिहीत. त्यामुळे जुन्या खोलीची किल्ली नकळत तिच्याकडे राही आणि वर सांगितलेले घोटाळे होत. अखेर २०२० मध्ये अँड्रॉइड ११ बरोबर ‘ही सोय यापुढे वापरू नये’ असे जाहीर करण्यात आले.

दरम्यान २०१७ मध्ये गूगलने ‘व्ह्यू-मॉडेल’ नावाचा घटक पुढे आणला. आपल्या गोष्टीतील कार्यालय ते हेच. पडदा फिरला, जुनी ॲक्टिव्हिटी मोडली, नवी आली, तरी व्ह्यू-मॉडेल तेच राहते आणि नव्या ॲक्टिव्हिटीच्या हाती पडते. गंमत अशी, की याच्या पोटात आज २००८ मधील तीच युक्ती वापरलेली आहे. तुम्ही तो पडदा कायमचा सोडून गेलात, तर मात्र व्ह्यू-मॉडेलला ‘आवरते घे’ अशी सूचना मिळते. त्या वेळी चालू असलेले मागचे काम थांबवता येते.

हे वापरताना तीन नियम पाळावे लागतात.

१. मागचे काम व्ह्यू-मॉडेलने सुरू करावे, आणि सुरू करण्यापूर्वी ते आधीच चालू आहे काय हे पाहावे.

२. व्ह्यू-मॉडेलने किंवा मागच्या धाग्याने ॲक्टिव्हिटीचा पत्ता जवळ ठेवू नये. कार्यालयाने खोलीची किल्ली खिशात घालून फिरू नये.

३. कामाची स्थिती व्ह्यू-मॉडेलमध्ये लिहून ठेवावी: सुरू झाले नाही, चालू आहे, पूर्ण झाले, फसले. पडद्याने ती वाचावी आणि तसे दाखवावे.

तिसऱ्या नियमाने पैशांचा प्रश्नही बराचसा सुटतो. नवा पडदा उभा राहताच ‘चालू आहे’ ही स्थिती वाचतो आणि ‘पाठवा’ हे बटण बंद ठेवतो. आणखी एक काळजी घेता येते. प्रत्येक मागणीला एक वेगळा क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला, तर ही मागणी जुनीच आहे हे पलीकडचा संगणक ओळखतो आणि पुन्हा पैसे कापत नाही.

कार्यालयच बंद झाले तर?

व्ह्यू-मॉडेल पडदा फिरण्यातून वाचते, पण ते अमर नाही. तुम्ही दुसऱ्या ॲपमध्ये गेलात आणि फोनला स्मृती अपुरी पडू लागली, तर मागे राहिलेले ॲप अँड्रॉइड पूर्ण बंद करू शकते. मग खोली, बाई, कार्यालय, मुलगा, सगळेच संपते.

यासाठी दोन वेगळ्या सोयी आहेत. अर्जात टाइप केलेले नाव, यादीतील निवडलेली ओळ अशी छोटी माहिती एका गाठोड्यात बांधून प्रणालीकडे ठेवायला देता येते. ॲप पुन्हा उघडल्यावर ते गाठोडे परत मिळते. मोठी चित्रे त्यात कोंबायची नसतात. आणि जे काम काही झाले तरी पूर्ण व्हायलाच हवे, उदाहरणार्थ शिष्यवृत्तीच्या अर्जाला जोडलेले छायाचित्र पाठवणे, ते २०१८ मध्ये पुढे आलेल्या ‘वर्क-मॅनेजर’ या सोयीकडे द्यावे. ती कामाची नोंद फोनच्या साठ्यात लिहून ठेवते. त्यामुळे ॲप बंद झाले किंवा फोन बंद करून चालू केला, तरीही काम पुढे हाती घेता येते.

थोडक्यात, कोणतेही काम सुरू करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: हे काम कोठवर टिकले पाहिजे? पडदा दिसतो तोवरच हवे असेल, तर ते पडद्याकडे चालेल. पडदा फिरला तरी हवे असेल, तर ते व्ह्यू-मॉडेलकडे द्यावे. ॲप बंद झाले तरी हवे असेल, तर ते वर्क-मॅनेजरकडे द्यावे.

करून पाहा

१. फोनमधील वेगवेगळी ॲप उघडा. एखादा मजकूर अर्धा टाइप करा आणि फोन आडवा करा. मजकूर राहिला की गेला? यादी मध्यापर्यंत सरकवून फोन फिरवा. यादी तेथेच राहिली की पुन्हा वर गेली? पाच ॲपची निरीक्षणे वहीत तक्ता करून लिहा. पैशांच्या व्यवहाराची ॲप या प्रयोगासाठी वापरू नका.

२. एका फोनचा पडदा सेकंदाला ९० वेळा रंगवला जातो. एका वेळेला किती मिलिसेकंद मिळतात?

३. पडदा ७२० गुणिले १६०० बिंदूंचा आहे आणि एका बिंदूला ४ बाइट लागतात. पडदाभर चित्र बाळगणारे ६ जुने पडदे अडकून राहिले, तर किती बाइट जागा वाया जाईल?

४. प्रोग्राम लिहायला शिकत असाल तर एक छोटे ॲप तयार करा. ऑन-क्रिएट आणि ऑन-डिस्ट्रॉय या सूचना मिळताच नोंदवहीत एकेक ओळ उमटेल असे करा. मग फोन चार वेळा फिरवा आणि ओळी मोजा.

शिक्षकांसाठी: खोली, कार्यालय आणि नकाशा ही गोष्ट वर्गात प्रत्यक्ष करून दाखवता येईल. एका गटाने ‘खोलीत आणून दे’ अशी, तर दुसऱ्या गटाने ‘कार्यालयात ठेव’ अशी सूचना द्यावी. मुलांना किती खेपा पडल्या ते फळ्यावर मांडावे.

उत्तरे: (२) सुमारे ११.१ मिलिसेकंद. (३) २,७६,४८,००० बाइट. (४) ऑन-क्रिएटच्या ५ आणि ऑन-डिस्ट्रॉयच्या ४ ओळी. ॲप उघडताना एक ॲक्टिव्हिटी तयार झालेली असते, म्हणून पहिल्या सूचनेची एक ओळ अधिक.